पश्चिम वाडीची होडी आणि परदेशी पाहुणी

नामिसाकी पोलीस ठाणे. मे महिन्याचा पहिला सोमवार, दुपार.

नाव : किनुयो हिरासे. वय : ६३ वर्षे. धंदा : उतारूंसाठी खोल्या व जेवण. राहणार : पश्चिम वाडी, जुन्या बर्फ कारखान्यासमोर, नामिसाकी शहर.

मी समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पाच खोल्यांचे उतारूघर चालवते. कामाला माणूस नाही. स्वयंपाक, धुणे, बिछाने सर्व मीच करते. काल रविवारी सकाळी मी याच ठाण्यात एक खबर दिली होती. त्या खबरीच्या संबंधाने आज बोलावल्यावरून आले आहे.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने माझ्याकडे एक परदेशी महिला उतरण्यास आली. नाव मिरेन एचेबेस्ते, वय अंदाजे साठ, स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यावर राहणारी, सोबत कोणी नाही. बांधा मजबूत, केस पांढरे व बारीक कापलेले, अंगात निळे जाकीट. आमच्या शहरात पाहण्यासारखे फारसे काही नाही, असे मी तिला खुणेने सांगितले. तिने समुद्राकडे बोट दाखवले. तिला आमची भाषा येत नाही व मला तिची येत नाही. आमचे बोलणे तिच्या फोनमार्फत होत असे. ती फोनमध्ये काही बोले, मग फोन ते आमच्या भाषेत सांगे. ते कधी कळे, कधी कळत नसे. ‘हाय’ म्हणजे ‘हो’, एवढा एकच शब्द ती शिकून आली होती व तो सगळीकडे वापरत होती. मासळी बाजारात तिला कोणी ‘अहो बाई, बाजूला व्हा’ म्हणून ओरडले तरी ती मोठ्याने ‘हाय!’ म्हणे आणि हसत तिथेच उभी राही. दुसऱ्या दिवसापर्यंत बाजारातील लोक तिला मुद्दाम हाका मारू लागले होते.

घरात येताना बूट काढायचे, जोडीने ठेवायचे व त्यांची टोके बाहेरच्या बाजूला वळवायची, हे मी तिला आल्याबरोबर दाखवले. ते तिने लगेच उचलले. माझ्या स्वतःच्या चपलाही ती नीट लावून ठेवू लागली.

शनिवारी संध्याकाळी मी तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सार केले होते. पहिला घोट घेताच ती थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मी विचारले, ‘खारट झालं का हो?’ ती फोनमध्ये काही बोलली. फोनने सांगितले, ‘माझी आई या वाटीत आहे.’ मी वाटी उचलायला गेले तर तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. सगळे सार संपवून ती माझ्यापुढे वाकली व खोलीत गेली. मी तिला आणखी काही विचारले नाही. विचारायला हवे होते असे मला नंतर वाटले.

रविवारी सकाळी ती न्याहारीला आली नाही. भाजलेला बांगडा झाकून ठेवून मी तिच्या खोलीत पाहिले. बिछान्याची घडी घातलेली होती. फिरायला गेली असेल म्हणून वाट पाहिली. भात निवल्यावर मी एप्रनवरच तिला शोधायला बाहेर पडले. बाजारात नव्हती. देवळात नव्हती. शेवटी मी बंदराच्या लांब भिंतीवरून चालत टोकापर्यंत गेले. तेथे तिचे बूट होते. जोडीने ठेवलेले, टोके समुद्राच्या बाजूला. बुटांमागे तिची पिशवी होती. पिशवीत पासपोर्ट व फोन होता. पिशवीवर चष्मा घडी करून ठेवलेला होता. समुद्र शांत होता. पाण्यात किंवा आसपास कोणी दिसले नाही.

भिंतीचे ते टोक मला परिचित आहे. माझे पती कै. योशिहारु यांची बोट परत आली नाही तेव्हा मी तेथे उभी राहत असे. त्याबाबतचा माझा जबाब याच ठाण्यात अकरा वर्षांपूर्वी झालेला आहे. तो पुन्हा देण्याची आवश्यकता नाही.

मी भिंतीवर खाली बसले. किती वेळ बसले ते सांगता येत नाही. नंतर वस्तू पोटाशी धरून मी पळत ठाण्यात आले.

ठाण्यात उपनिरीक्षक तादोकोरो साहेब हजर होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. ते म्हणाले, ‘हिरासेबाई, घाबरू नका. गेली असेल कुठे फिरायला.’

मी म्हणाले, ‘अनवाणी?’

साहेबांनी बुटांकडे एकदा पाहिले व गस्तीच्या बोटीला फोन लावला. नंतर शहरातील सर्व भोंग्यांवरून महिलेचे वर्णन सांगण्यात आले. साहेब मला गाडीत घालून धक्क्यावर घेऊन आले, कारण अर्धे शहर तेथेच जमले होते व कोणी तिला पाहिले असल्यास कळले असते.

काल आमच्या देवळाच्या वसंतोत्सवाचा दिवस होता. त्या दिवशी तीन वाड्यांच्या होड्यांची शर्यत असते, दोन फेऱ्यांची. होडीत दहा वल्हेकरी, एक ढोलवाला व एक सुकाणूवाला असतो. आमच्या वाडीतील तरुण मंडळी ओसाकाला गेल्यामुळे आमची होडी गेली दोन वर्षे उतरलेली नाही. तिसऱ्या वर्षीही न उतरल्यास वाडीचे नाव शर्यतीतून निघते व होडी देवळाच्या कोठारात जाते. आमच्या होडीचे सुकाणू माझे धाकटे दीर सेइजी हिरासे यांच्याकडे आहे. यंदा होडी उतरणार की नाही हे मी त्यांना विचारलेले नव्हते. पती गेल्यापासून त्यांचे माझ्याकडे येणे बंद आहे. पतींची बोट गेली त्या दिवशी ते तापामुळे बोटीवर गेले नव्हते. मी त्यांना त्याबद्दल कधी काही म्हटलेले नाही. तरीही ते येत नसत.

आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पहिली फेरी सुटली होती. पूर्व वाडीची होडी पुढे होती, मागे बंदर वाडीची. त्यांच्यामागे भूशिराच्या आडून तिसरा ढोल ऐकू आला. शेजारचे कोणी तरी ओरडले, ‘अरे, आपली आली! पश्चिम वाडी आली!’ मी तिकडे पाहिले नाही. मी पाण्याकडे पाहत होते.

त्याच वेळी गस्तीची बोट होड्यांजवळून गेली. बोटीवरील कर्ण्यातून पुकारा झाला, ‘मिरेन एचेबेस्ते नावाची परदेशी महिला कोणाला दिसल्यास—’

आमच्या होडीतून मोठ्याने उत्तर आले, ‘हाय!’

होडीच्या मध्यभागी एक व्यक्ती वल्हे उंच करून उभी राहिली. डोक्याला वाडीचा पांढरा पट्टा, अंगात वाडीचा अंगरखा, केस पांढरे. होडी एका बाजूला कलली. सेइजी भावोजींचा आवाज धक्क्यापर्यंत आला, ‘अगं बस! खाली बस! मेलो आपण सगळे!’ ती ‘हाय!’ म्हणाली व आणखी उंच उभी राहिली. ढोलवाल्याने तिचा अंगरखा धरून तिला खाली ओढले. या प्रकारामुळे आमची होडी त्या फेरीत शेवटची आली.

तादोकोरो साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हिरासेबाई, वर्णनात तुम्ही निळं जाकीट सांगितलं होतं.’ मी साहेबांच्या बाहीला धरून उभी होते असे साहेब सांगतात. मला आठवत नाही.

होडी धक्क्याला लागताच मी पायऱ्या उतरून खाली गेले व सेइजी भावोजींना बोलले. काय बोलले ते सर्व लिहून घेण्यासारखे नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ‘वहिनी, वहिनी, आधी ऐकून तरी घ्या! सकाळी आम्ही भिंतीखाली होडी लावून बसलो होतो. दहात दोन कमी. नोबुओने बिअरचं खोकं उचललं आणि कंबर धरून बसला. ओगिनो न्हाव्याला मी घरातून ओढून आणला, तरी एक कमीच. कोठाराची किल्ली मागायला माणूस पाठवणार, एवढ्यात ही बाई वरून वाकून बघायला लागली. माझ्याकडे बोट, वल्ह्याकडे बोट, स्वतःकडे बोट. मी म्हटलं, येतं का? तर म्हणाली हाय. तशीच बसवली आणि भूशिरापलीकडे सरावाला नेली.’

‘ती सगळ्यालाच हाय म्हणते!’

‘ते आता कळलं! पण येतं हो तिला. आमच्यापेक्षा जास्त येतं. फक्त उलटी बसली.’

तिच्या गावी वल्हेकरी होडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतात, असे नंतर समजले. ओगिनो न्हावी तिच्या मागच्या फळीवर होते. ते म्हणाले, ‘अर्धा तास आम्ही नाकाला नाक लावून वल्हवत होतो, किनुयोताई. आता तिची दाढी मीच करणार असं वाटायला लागलं मला.’ बुटांबाबत विचारता भावोजी म्हणाले, ‘आम्हाला अनवाणी बघून तिनेही काढले. आणि काय नीट लावले हो! मी म्हटलं, हे वहिनींच्या घरचं वळण.’

मी तेथे खाली बसले आणि हसू लागले. हसू थांबेना. मिरेनबाईने मला मिठी मारली. ती पूर्ण भिजलेली होती.

दुसऱ्या फेरीपूर्वी ओगिनो यांच्या हाताची कातडी निघाल्याचे दिसून आले. त्यांना वल्हे धरता येईना. नऊ जणांची होडी फेरीत धरली जात नाही. भावोजींनी धक्क्यावर सर्वत्र पाहिले. मिरेनबाईने माझे मनगट धरले. मी म्हणाले, ‘नको. मी एप्रन घातलाय.’

पूर्व वाडीचे सुकाणूवाले कुराता शेजारच्या होडीतून म्हणाले, ‘अरे सेइजी, एक बाई बसवलीस तेवढं पुरे. दुसरी बसवलीस तर समुद्रदेवी रुसेल.’

भावोजी म्हणाले, ‘रुसायची असती तर मघाशीच रुसली असती. तिलाही इतकी वर्षं तुझंच थोबाड बघून कंटाळा आला असेल.’ मग ते माझ्याकडे वळले व हळू आवाजात म्हणाले, ‘वहिनी, दादा तुम्हाला पहाटे खाडीत होडी शिकवायचा. मला माहीत आहे. मीच बघत उभा असायचो, कोणी येत नाही ना म्हणून.’

ही गोष्ट खरी आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षातील आहे.

मी तादोकोरो साहेबांना विचारले, ‘साहेब, खबर देणारीने होडीत बसलं तर चालतं का?’ साहेबांनी थोडा विचार केला. ते म्हणाले, ‘मनाई आहे असं काही मला दिसत नाही. तरंगायचं जाकीट घाला म्हणजे झालं.’ जाकीट त्यांनी स्वतः गस्तीच्या बोटीतून आणून दिले व मागून त्याचे बंद आवळले. एप्रन अंगावर तसाच राहिला.

या आधी अकरा वर्षे मी समुद्राच्या पाण्यात हात घातलेला नव्हता. पाणी थंड होते. माझ्यापुढे मिरेनबाई होती, आता सरळ तोंड करून बसलेली. ढोल सुरू झाल्यावर मी फक्त तिच्या खांद्यांकडे पाहिले. ते पुढे गेले की मी पुढे, मागे आले की मी मागे. शर्यतीच्या वाटेवरील तिसऱ्या खांबापर्यंत मी ताल चुकत होते. त्यानंतर चुकले नाही. वळणावर बंदर वाडीची होडी आमच्या डाव्या अंगाला आली. भावोजी ओरडले, ‘ओढा! वहिनी, ओढा!’ मी ओढले. मी शर्यतीदरम्यान ओरडले असे धक्क्यावरील लोक सांगतात. ते बरोबर आहे. मी ‘ओढा’ असेच ओरडत होते, पती होडीत असताना ओरडत तसे, आणि थांबावे असे मला वाटत नव्हते.

पूर्व वाडी पहिली आली, हे मान्य आहे. आम्ही दुसरे आलो. आमची होडी उतरली म्हणून वाडीचे नाव कायम राहिले. कुराता यांनी हरकत घेतली नाही. उलट किनाऱ्यावर त्यांनी मला हात देऊन उतरवले व विचारले, ‘पुढच्या वर्षी आमच्याकडे बसता का?’

संध्याकाळी होडीतील सर्व मंडळी माझ्याकडे जेवायला आली. सेइजी भावोजी दारात थांबले होते. मी आतून म्हणाले, ‘भावोजी, दार लावून घ्या, डास येतात.’ ते आत आले. देव्हाऱ्यातील भावाच्या फोटोपुढे घंटा वाजवून बराच वेळ बसले. नंतर जेवले. मी पुन्हा तिसऱ्यांचे सार केले होते. मिरेनबाईने या वेळी फोनमध्ये सावकाश, तुकड्यातुकड्याने सांगितले व फोनने नीट ऐकवले. तिची आई अगदी असेच सार करत असे व आई गेल्यापासून तिला ती चव कुठे मिळाली नव्हती. शिवाय तिच्या गावच्या होडीतील मंडळींनी वय झाले म्हणून गेल्या वर्षी हार घालून तिला निरोप दिला होता. ओगिनो म्हणाले, ‘त्यांना म्हणावं, परत मागितलीत तरी मिळायची नाही.’ फोनने हे तिला काय सांगितले ते माहीत नाही. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

ती आज जाणार होती. गेलेली नाही. रविवारपर्यंत राहणार आहे.

आज सकाळी मी दार उघडले तेव्हा आमच्या वाडीतील चार बायका बाहेर उभ्या होत्या. नोबुओची बायको पुढे होती. तिने विचारले, ‘किनुयोताई, सराव कुठल्या वारी आहे?’ मी त्यांना गुरुवारी सकाळी बोलावले आहे. भावोजींना हे अद्याप कळवलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. महिला बेपत्ता झाल्याची खबर मी मागे घेत आहे. गस्तीच्या बोटीला उगीच झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. त्या बोटीवरील मंडळींनीही गुरुवारी न्याहारीला यावे.

वरील मजकूर तादोकोरो साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ‘शर्यतीदरम्यान आरडाओरडा केला’ असे होते. ते खोडून ‘शर्यतीदरम्यान ओरडले’ असे लिहावे, अशी विनंती केल्यावरून तशी दुरुस्ती केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे व खरे आहे. सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का घरी राहिल्याने सही करत आहे. दोन्ही तळहातांना फोड आल्यामुळे सही नेहमीसारखी उमटलेली नाही, पण ती माझीच आहे.

किनुयो हिरासे

समक्ष : तादोकोरो, उपनिरीक्षक