एकतीस तारखेची हवा

उज्वला : तीस तारखेची हवेची बाटली मुंबईला प्रयोगशाळेत पोचली, एक तारखेची पोचली. मधली एकतीसची कुठंय, सावळीरामदादा?

सावळीराम : त्या दिशी हवा भरायचं मशीन बंद व्हतं, ताई. लाईट नव्हती.

उज्वला : मीटर बघितलं मी आत्ता. मशीन दिवसभर चाललंय.

सावळीराम : मीटरला काय कळतंय!

उज्वला : शेजारच्या देशानं बॉम्ब फोडला, ऐकलंत ना? जमिनीत खोल फोडला तरी त्याचा वायू फटीतून वर येतो. रंग नाही, वास नाही. एकतीसला वारा तिकडूनच होता; त्याबरोबर इथवर आला असेल, तर त्याच बाटलीत सापडेल. आणि तो टिकत नाही हो. पाच दिवसांत निम्मा, पुढच्या पाचांत निम्म्याचा निम्मा. आज दहावा दिवस!

सावळीराम : म्हाईत हाय. आज दहावाच हाय.

उज्वला : म्हणजे?

सावळीराम : नवसाबाईचा. माझ्या बायकोचा.

उज्वला : अरे देवा! वहिनी गेल्या? आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही.

सावळीराम : दमा व्हता. घरात जीव घुसमटायचा. म्हणली, डोंगरावर तुमच्या मशीनपाशी न्या, तिथं वारा लय. नेली. मशीनच्या तोंडाशीच खाट टाकली. बाटली भरत व्हती अन् ती रिती व्हत व्हती. सांजच्याला मशीन थांबलं. ती बी.

(सावळीराम उठला. भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं लुगड्यात गुंडाळलेली लोखंडी बाटली काढली. दहा दिवस तो कुणाशी धड बोलला नव्हता; बोलला तो या बाटलीशीच.)

उज्वला : दादा, अहो, ही तर...

सावळीराम : तिचा शेवटचा श्वास हाय ह्यात. एस्टीत टाकून कसा धाडू? रोज कान लावतो. सूं सूं करती.

उज्वला : तोटी ढिली असेल. हवा जातेय, दादा!

सावळीराम : आवळली. तरी ऐकू येतं. आज सकाळी नदीवर घास ठेवला, उन्हात बसून राहिलो. कावळा शिवला नाय. गाव म्हणतं, तिची इच्छा राहिली. कसली इच्छा, ताई? म्याच कोंडून ठेवलीय तिला.

उज्वला : मला ही आज न्यायलाच हवी. पण तुमच्या हातातून ओढून नाही नेणार.

सावळीराम : तिथं काय करता हिचं?

उज्वला : तो वायू तेवढा वेगळा काढतो. मोजतो.

सावळीराम : अन् बाकीची हवा?

उज्वला : सोडून देतो. खिडकीबाहेर.

सावळीराम : तुम्ही कराल का तेवढं? म्हंजे, तुमच्या हातानं सोडाल?

उज्वला : माझ्याच हातानं सोडीन.

सावळीराम : मंग न्या. लुगड्यासकट न्या. फक्त सोडताना बाटलीचं तोंड इकडं, आपल्या हरसूलकडं करा, ताई. ती कधी नाशकाच्या पल्याड गेली नाय. वाट चुकंल.