शेजाऱ्याच्या पोरीचे चौऱ्याऐंशी टक्के

...आणि तुम्ही म्हणताय, "पेंटर, अक्षर झकास आलंय!" अक्षर घालायचंय चुलीत, पावणं. तुम्हास्नी सांगतो, मंगळवार पेठेतल्या ह्या तालमीच्या दारातला फळा गेली पंधरा वर्षं मीच लिवतोय. कोण वारलं, लिवा. कोण कुस्ती मारून आलं, लिवा. आणि दहावीचा निकाल लागला की रंगीत खडूनं अभिनंदन... ते बी मीच! गेल्या साली, शहाण्णवला काय लिवलं? 'कुमारी शिवानी, दहावीत चौऱ्याऐंशी टक्के.' शिवानी कोण, तर आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या जोतीरामची पोरगी. आणि जोतीराम कोण? एस.टी.चा कंडक्टर! सातवी पास! दिवसभर राधानगरीच्या गाडीत तिकिटं फाडतोय, आणि पोरीला चौऱ्याऐंशी? मी काय जळतोय व्हय? जळणाऱ्यातला माणूसच न्हवं मी. पण त्यातला चार काढताना खडू दोनदा मोडला, एवढं खरं.

आमचा आदर्श तवा नववीत. अठ्ठेचाळीस टक्के. म्हटलं, आता पोरगं दहावीला, सोडायचं न्हाय. जोतीरामनं पोरीच्या दहावीला टीव्ही बंद ठेवलता, मी केबलच तोडली. त्यानं टेबल आणलतं, मी टेबल आणून वर टेबलफॅन बसवला. तो पोरीला गंगावेशीत कट्ट्यावर नेऊन म्हशीखालचं ताजं दूध पाजायचा, एक गिलास. मी आदर्शला दोन पाजलं... पोरगं दुसऱ्या दिवशी दिवसभर संडासात.

मग डोस्क्यात आलं, अरे, आपण पेंटर हाय की! ऑइल पेंटचा डबा काढला आणि पोराच्या टेबलासमोर, भिंतीवर, फूटभर उंचीच्या लाल अक्षरात लिवलं, 'शिवानी ८४ टक्के. तू किती?' मागं काळी सावली बी दिली, दुकानाच्या बोर्डाला देतो तशी. बायको म्हणाली, "अवो, पोरगं पुस्तक सोडून भिंतीकडंच बघत बसतंय." म्हटलो, "बघू दे, ईर्षा पाहिजे!" कोल्हापुरात जन्म घेऊन ईर्षा न्हाय म्हंजे काय? मी काय जळतोय व्हय?

सहामाहीला गणितात तेवीस. शाळेतनं बोलावणं आलं. बाई म्हणतात, "गणपतराव, मुलाला सगळं येतं हो. तोंडी विचारलं की फडाफडा सांगतो. पेपर हातात आला की हात थरथरतो त्याचा. घरी काही बोलता का?" म्हटलो, "एक शब्द बोलत न्हाय, बाई!" खोटं न्हवतंच की ते. बोललो कुठं होतो, लिवलं होतं.

दिवाळीनंतर बघतोय तर पोरगं रोज संध्याकाळी वह्या घेऊन जोतीरामच्या घरात. म्हटलं, शिवानी गणितं सांगत असंल. एक दिवस गेलो, खिडकीतनं वाकून बघितलं. शिवानी कोपऱ्यात तिच्या अकरावीत गुंग. आणि जोतीराम लसूण सोलत बसलाय, पुढ्यात माझं पोरगं! जोतीराम म्हणतोय, "आदर्शा, मी सातवीवाला गडी, मला न्हाय समजलं. ते त्रिकोणाचं परत सांग की, बाळा." पोरगं सांगतंय... आणि मधीच चुकलं. म्हटलं, आता हा वरडणार. तर जोतीराम म्हणतोय, "चुकू दे की. माझा तिकिटांचा हिशेब रोज चुकतोय." आणि दोघं हसाय लागली. पावणं, माझं पोरगं हसताना मी वरीसभर बघितलं न्हवतं. आता तुमच्यापाशी काय लपवायचं... चौऱ्याऐंशीला जळलो न्हवतो एवढा त्या हसण्याला जळलो.

घरी आलो, भिंतीला चुना मारला. पण ऑइल पेंट हाय तो! तीन हात दिलं तरी तांबडं चौऱ्याऐंशी आतनं बघतंय. पोराला म्हणावं वाटायचं, मला बी सांग की ते त्रिकोणाचं. तोंडच उघडंना. मी दहावी नापास, दोनदा, आणि ते पोराला अजून सांगितलेलं न्हाय. जोतीरामला 'मला समजत न्हाय' म्हणायला कशी लाज वाटत न्हाय, देवाला ठाऊक!

काल निकाल लागला. एकाहत्तर! आमच्या आदर्शला! पेढे आणलं, पुडा उघडला, पोरानं पहिला पेढा उचलला... मी तोंड उघडून बसलोय... आणि पोरगं गेलं भिंतीपलीकडं.

आज सकाळी इथं येऊन फळा पुसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा घरचं नाव लिवायचं, हात असा थरथरला म्हणता... पोराच्या हाताचं तवा कळलं मला. लिवून झालं तर पोरगं मागं उभं. म्हणतंय, "आबा, खाली एक ओळ राहिलीया." म्हटलो, कुठली? "मार्गदर्शक, जोतीराम काका."

मी काय जळतोय व्हय? लिवली की! वर पोरगं म्हणतंय, "काकांच्या नावाला सावली बी द्या, आबा, बोर्डाला देताय तशी." दिली! तीच बघून तर तुम्ही झकास म्हणालासा.

आता जरा बाजूला सरका, पावणं. जोतीराम ड्यूटीवर निघालाय, त्याला वाचू दे.