पद्मिनीचा जुना मालक

जुनी गाडी विकल्याचं दुःख मला विचार गड्या. एसी पाहिजे म्हणून घरच्यांनी हट्ट धरला आणि मी माझी पद्मिनी एका मेकॅनिकला देऊन टाकली. तवा सगळे तिला डबडं म्हणायचे. परवा इस्लामपूरला मेव्हण्याच्या पोराच्या वरातीत बघतो तर तीच उभी! नंबर तोच, रंग नवा, बॉनेटवर झेंडू. आणि आता म्हणं ती ‘व्हिंटेज’ हाय.

मी मायेनं दारावर हात ठेवला, तर ड्रायव्हर वरडला, "आवं काका, पॉलिश हाय!"

"माझी गाडी हाय ही. म्हंजे, हुती."

"व्हय का? प्रत्येक लग्नात एक तरी जुना मालक भेटतोयच."

तेवढ्यात नवरदेव गाडीत बसला, बँड वाजायला लागला, पण गाडी काय सुरू हुईना. ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं काढलं आणि लय आदरानं म्हणाला, "काका, तुमचीच हुती न्हवं? मग सवय असंल. या मागं."

फेटा सांभाळत मी ढकलली. माझ्या तोंडावर धूर सोडून बाई निघून गेली.

बायको शेजारी येऊन म्हणाली, "आता तरी रडू नका. विकली, तरी धक्का तुमीच मारताय."