डाव्या दाराचं फूल

—नाही नाही ताई, टेप सरळ धरा, वरच्या नक्षीसकट मोजा — ती नक्षी निघते, हां, नुसती वर ठेवलेली आहे, आणि कपाटही मधून वेगळं होतं, वरचं काचेचं, खालचं लाकडी दारांचं — तेव्हा जिन्याची काळजी सोडा. इंग्लंडहून जहाजात घालून आणलं ते काय असं उभंच्या उभं आणलं असेल? जरा हळू बोलू या मात्र. बाई आत आहेत. रेडिओ लावलाय त्यांनी, नाही ऐकू जायचं, पण डोळे गेल्यापासून कान फार तिखट झालेत. मी? मी घरातला कुणी नाही हो, पॉलिशवाला. बत्तीस वर्षं या कपाटाला हात मारतोय, वर्षातून एकदा, म्हणून बाई म्हणाल्या, विकायचंही तूच बघ. उद्या खोली रिकामी करून द्यायचीय ना. बाई पुतणीकडे चालल्या. तिथे एक खाट मावेल, खाटेवर बाई मावतील, संपलं. कपाट कुठे ठेवणार, डोक्यावर?

अस्सल महोगनी आहे. मागून बघा, मागची फळीसुद्धा महोगनीची — आजकाल पुढून नवरदेव आणि मागून प्लायवूड असतं. कुलपावर इंग्रजी अक्षरं आहेत, बोट फिरवा. बाईंचे वडील एका वाचनालयात कारकून होते. वाचनालय बुडालं तेव्हा पगाराऐवजी हे पदरात पडलं. त्यांची आई म्हणे आठ दिवस बोलली नाही नवऱ्याशी. आणि हे फूल — हे रंगवलेलं नाही हं. महोगनीत कोरून खाच करायची आणि त्यात पिवळ्या लाकडाच्या पाकळ्या बसवायच्या, एकेक पाकळी कांद्याच्या पापुद्र्याएवढी. लाकडात लाकूड. हे उजव्या दारावरचं बघा, इकडे या, उजेडात. उजव्या.

डाव्याला काय झालंय? काही झालेलं नाही डाव्याला. तसंच फूल आहे, जोडीचं. तुम्ही — काय? तुम्ही डाव्याचं काही विचारलंच नाहीत? बरोबर. नाही विचारलंत. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

काय ठेवणार तुम्ही यात? कपबश्या? ठेवा की. बाईंनी विचारलं तर फक्त पुस्तकं म्हणा हं, तेवढं करा. त्यांची एकच अट होती — पुस्तकं ठेवणाऱ्याला दे. गेल्या महिन्यात मी रुबाबात सांगायचो ती अट, आता नाही सांगत. आता तुम्ही यात चपला ठेवल्यात तरी चालेल. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. काचा काढून घेईल आणि बाकीचं करवतीनं कापेल, त्याला फळ्या हव्यात. इथेच कापतो म्हणाला, न्यायला सोपं. बाई आत बसलेल्या असणार तेव्हा. म्हणून म्हणतो, किंमत तुम्हीच बोला, मी घासाघीस करणार नाही.

घासाघीस! शब्द पण कसा आला बघा तोंडात.

रेडिओ चालू आहे ना? मग सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही घरी नेऊन बघाल आणि मला शिव्या द्याल. हे कपाट विकलं गेलं होतं, ताई. ठरलं होतं. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला, भिंग लावून तासभर बघितलं, आणि बाईंनी मनात धरलेली किंमत त्यानं आपणहून सांगितली. मंगळवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. पुस्तकांच्या एका शौकिनाकडे जाणार होतं, बाईंची अटसुद्धा पूर्ण. आता माणसानं गप्प बसावं की नाही? बाई म्हणाल्याही, नुसतं फडक्यानं पूस. पण मला वाटलं, बाईंचं कपाट असं काळवंडलेलं जाणार? लोक काय म्हणतील, पॉलिश कुणाचं होतं? मुलानं मला नुकतं घासायचं मशीन आणून दिलं होतं. आयुष्यभर हातानं काम केलं, लाखेचं पॉलिश, कापसाचा बोळा, दुसरं काही नाही, आणि म्हातारपणी ते यंत्र मिरवायची हौस. बाई त्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या. लावलं मशीन डाव्या दाराला. दहा सेकंद हो. दहासुद्धा नाही. पिवळी भुकटी उडाली, आणि मला आधी वाटलं, मळ निघतोय.

फूल होतं ते.

मग काय, रात्रंदिवस एक करून ब्रशनं रंगवलं. हुबेहूब रंगवलं, खोटं कशाला बोलू, हात आहे माझा. आणि एक दार चमकतं, दुसरं नाही, हे कसं दिसणार — म्हणून सगळं कपाट लख्ख केलं. मंगळवारी तो आला. दारातच थांबला. भिंग खिशातून काढलंदेखील नाही. विचारलं, हे कुणी केलं? मी छाती पुढे काढून म्हटलं, मी. तो आल्या पावली वळला. टेम्पो रिकामा घेऊन गेला; त्यांच्या धंद्यात जुन्या काळवंडलेपणालाच किंमत असते, हे मला मागाहून कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बाईंना काय सांगितलं? काय सांगणार! सांगितलं, तो फसवा निघाला, ऐनवेळी भाव पाडला, म्हणून मीच हाकलला. आणि बाई — बाईंनी माझी समजूत घातली हो. म्हणाल्या, असतात अशी माणसं, तू मनाला लावून घेऊ नकोस, चहा घे. तो चहा मी प्यालो. दुसऱ्या दिवशी त्या कपाटापाशी आल्या. जुनं जडावकाम बोटाला लागतं, लाकूड सुकतं ना, कडा किंचित वर येतात. त्यांनी उजव्या फुलावरून हात फिरवला, मग डाव्या. डाव्यावर हात राहिला. राहिलाच. एवढंच म्हणाल्या — गुळगुळीत केलंस रे. नसेल कळलं त्यांना. कळलं असतं तर बोलल्या असत्या, शाळेत शिकवलंय त्यांनी, बोलायला कचरणाऱ्या नव्हेत. नसेलच कळलं. आणि त्या व्यापाऱ्याचं तर नाहीच, ते एक मला ठाऊक आणि आता तुम्हाला.

मग काय ठरवलंत? टेप गुंडाळलीत. बरं. मालकांना विचारून कळवता — बरं. उद्या सकाळच्या आत कळवा म्हणजे झालं. नाही, अर्ध्या किमतीलाही चालेल. पाव. तुम्ही टेम्पोचं भाडं द्या, बाकी काही नको, मी स्वतः दोन्ही भाग खाली उतरवून देतो, बघा, अजून दंडात जोर आहे — ताई, जरा थांबा.

रेडिओ केव्हा बंद झाला?

तुम्ही आतल्या दाराच्या बाजूला होतात ना, तुम्हाला कळलं असेल. केव्हा? मी मशीनचं सांगत होतो तेव्हा चालू होता? नाही, नका सांगू. जा तुम्ही. जा हो. जाताना दार लोटून घ्या.

बाई?

त्या ताई कपबश्याच ठेवणार होत्या, बाई.

बाई?