म्हणे घड्याळ तपासा!

...अहो, ठोसा एकच मारला होता हो! एकच! आणि तोही बाजूने!

तुम्हाला सांगतो, मोजे विणायचा कारखाना मेहुण्याचा, कॉम्प्युटर सांभाळणारा मी, आणि विणायची मशीन चालते त्या युनिक्सच्या जुनाट डब्यावर. संध्याकाळी सहाला टेम्पो येणार, त्याआधी नवा प्रोग्राम कंपाइल करून, म्हणजे डब्याला कळेल अशा भाषेत उतरवून, मशीन सुरू करायची, आणि मेहुणा काय म्हणतो? "दाजी, आज माल गेला नाही ना, तर उद्यापासून या खुर्चीत बसायचं नाही." बरं! बसलो, कमांड दिली, तर डबा म्हणतो, लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी तयार फाइल, सापडत नाही! अरे मेल्या, शेजारच्या फोल्डरमध्ये तर आहे! दिला ठोसा! आत काहीतरी खुळखुळलं, डबा बंद! परत चालू केला तर घड्याळात रात्रीचे बारा. म्हटलं ठीक आहे, दहा वाजून दहा लावले, लायब्ररीचा पत्ताही दिला. आता तरी? छे! "नवी फाइल जुन्या फायलींपेक्षा जुनी आहे. घड्याळ तपासा."

नवी जुनी आहे! ऐकलंत? तपासलं घड्याळ, मिनिटाचाही फरक नाही! मित्राला फोन केला, तो आरामात, "सगळं पुसून पुन्हा कर की रे..." पुसलं, पुन्हा केलं. घड्याळ तपासा! कीबोर्ड टेबलावर आपटला, अर्धी बटणं कपाटाखाली गेली. उरलेल्या बटणांवर पुन्हा केलं. घड्याळ तपासा! मग मात्र डोकंच फिरलं, माऊस वायरसकट उपटला आणि भिरकावला, तो लागला भिंतीवरच्या घड्याळाला, ते खाली पडून त्याचे तुकडे तुकडे! घे! तपास आता!

पाच वाजले. मी डब्याला दोन्ही हातांनी गळफास घालतोय (गळा नसतो त्याला, तीच तर पंचाईत!), तेवढ्यात मोज्यांची बोटांकडची उघडी तोंडं शिवणारी आक्का, काम नाही म्हणून सकाळपासून बसलेली, चष्मा लावून आली, फायलींच्या यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अरे, वेळ लावलीस, साल कोण लावणार? याच्या मते एकोणीसशे सत्तर चाललंय. तेव्हा तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

डबा उघडला. घड्याळाची बॅटरी तळाशी पडलेली; ती निघाली की युनिक्सचं घड्याळ थेट सत्तर सालापासून मोजायला लागतं. कुणाच्या ठोशाने, ते सांगू का?

साल लावलं, चार मिनिटांत कंपाइल झालं, मशीन धडधडली, साडेसहापर्यंत थांबवलेला टेम्पो अर्धाच माल घेऊन गेला आणि मेहुण्याने शब्द पाळला. आता खुर्चीत आक्का बसते. मोज्यांची तोंडं मी शिवतो.

आणि हे हाताला बँडेज कशाचं विचारताय? काही नाही हो... शिलाई मशीनची सुई सारखी अडत होती.

ठोसा एकच मारला.