पंचवीस आवाजांची गिटार

त्या नव्या डिजिटल गिटारीत खरंच काही नवीन हाय का, हे मले इचारून राह्यले ना? मंग ऐका. नवीन गिटार घेऊन मी पहिल्यांदा दारव्ह्याले गेलतो, भीमजयंतीच्या कार्यक्रमाले. आमच्या गायन पार्टीत शांताताई गाते अन् मी साथीले असतो.

स्टेजवर जायच्या आधी मी तिले ऐट दाखवली. "ताई, बटन फिरवलं का सतार, फिरवलं का बँजो. पंचवीस आवाज हायेत आतमध्ये!"

"मंग तू कायले आला?" ताई म्हणाली.

तिनं मायवरचं संथ गाणं धरलं. मी बटन सतारीवर नेलं, डोळे मिटले अन् वाजवत सुटलो. दुसऱ्या कडव्याले आवाजच येईना म्हणून डोळे उघडले, तर गिटारीचा दिवा बंद! बॅटरी संपली होती, अन् बॅटरीशिवाय ते सतार मुकीच. समोर अख्खी वस्ती बसलेली. आता थांबलो तर इज्जत जाते, म्हणून मान डोलवत शेवटपर्यंत नुसती बोटं फिरवली.

गाणं संपलं तं बाया डोळे पुसून राह्यल्या होत्या. खाली उतरल्यावर ताईनं माह्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ, इतक्या वर्षांत अशी साथ तू कधीच देली नव्हती."

मले काही खोटं बोलवलं नाही. "ताई, बॅटरी संपली होती. दुसऱ्या कडव्यापासून मी काहीच वाजवलं नाही."

ताईनं माह्या नव्या गिटारीवर टिचकी मारली. मंग म्हणाली, "घेतली ते बरंच केलं बाप्पा. तुह्या जुन्या गिटारीत ही सोय नव्हती."