दोघांपुरती गाडी

मी मूळचा सिन्नरकडचा, गाव रस्त्यापासून जरा आत हाय, वडील दुसऱ्याच्या ट्रकवर आधी क्लीनर व्हते, मंग ड्रायव्हर झाले, आन् मी बी त्याच वाटेनं गेलो. शाळा सातवीपर्यंत, तिथून पुढं स्टेअरिंग. नाव बबन. लाइनला सगळे बबनभाऊ म्हनतात, तुम्ही बी तसंच लिहा ताई, नुसतं बबनराव लिहिलं तर कमल हसंल, म्हनंल हा कोन राव आला.

कमल म्हनजे आमची मंडळी. तिचंच सांगायचंय खरं तर, गाडीचं निमित्त हाय.

तर मी काळीपिवळी चालवायचो, सिन्नर ते नाशिक, शेवटचा थांबा द्वारका. आता काय सांगू तुम्हाला, जीप कशी भरतात ते तुम्ही बाहेरून बघितलं असंल, आतून नाय. आमच्या लाइनीत एक गोष्ट पक्की, ड्रायव्हरनं गाडी भरली असं कधी म्हनायचं नाय. कोनी हात केला की थांबायचं, मागं बघून म्हनायचं सरका थोडं, होईल जागा, आन् होते बी जागा, कशी होते ते देवाला माहीत. माझ्या शेजारी पुढं तिघं, गिअरचा दांडा कोनाच्या तरी दोन गुडघ्यांत, आन् मी निम्मा दाराच्या बाहेर, एका ढुंगनावर बसून घाट उतरवायचो. रस्त्याच्या कडंला हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा, डोक्याला विचारायचा नाय. जेवताना सुद्धा कोनी ताटावर हात आडवा केला तर कमल म्हनायची, थांबले बघा, सवारी आली.

लग्न झालं तेव्हा रिवाजाप्रमानं नव्या जोडीनं वणीच्या गडावर जायचं, देवीला. जीप घरचीच, मंग काय, आई, आत्या, मावश्या, त्यांची पोरं, शेजारचे दोन म्हातारे, सगळे चढले. कमल मागच्या बाकावर मधोमध, दोन्ही बाजूनं बाया, मला आरशात तिचा नुसता मुंडावळीचा दोरा दिसायचा. गड चढलो, उतरलो, घरी आलो, एक शब्द बोललो नाय आम्ही. आन् मंग तसंच चालू झालं. घर म्हनजे दोन खोल्या, भाऊ, आई, पुढं पोरं झाली. दवाखान्यात गेलो तरी जीप भरून, माहेरी गेलो तरी जीप भरून. तुम्हाला खोटं वाटंल ताई, पन सगळा संसार झाला आन् आम्ही दोघंच कुठं गेलोय असं मला आठवत नाय.

एकदा द्वारकेला अडकलो व्हतो, ट्रॅफिक जाम, तिथं कायमच असतं ते. कमल पुढं व्हती, माझ्या आन् एका सवारीच्या मधी दबून. शेजारी एक लाल गाडी येऊन थांबली, लय बुटकी, आमच्या जीपच्या चाकाएवढी, दोनच दारं, लांब लांब, आन् आत एक बाई आन् एक बाप्या, दोघंच, काहीतरी बोलत हसत व्हते. कमल वरून वाकून बघत राहिली. मला म्हनली, अहो, ह्यात मागं कोन बसतं. म्या म्हनलं, कोनी नाय बसत, ह्या गाड्या अशाच असतात, मौजेच्या. ती म्हनली, कोनीच नाय? तिनं ते कसं म्हनलं ते मला सांगता येनार नाय ताई. सिग्नल सुटला, मागून हॉर्न चालू झाले, पन तो आवाज माझ्या कानात बसला तो बसलाच.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या, काळीपिवळीला सवारी मिळंना, पोरं बी एमायडीशीत कामाला लागली. म्या जीप विकून टाकली. द्वारकेच्या मागं सलीमभाई म्हनून माझा दोस्त हाय, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, जीपला खरचटलं की मी त्याच्याकडं. त्याला म्हनलं, सलीमभाई, दोन दारांची गाडी बघ, स्वस्तातली, कशी का असंना. तो म्हनला, क्या बबनभाऊ, इस उमर में? पन बघितली त्यानं. लालच, बाहेरच्या देशात बनलेली, तीन मालक झालेली, एका बाजूचा पत्रा सडलेला. त्यानं महिनाभर ठोकून ठोकून अशी केली की द्वारकेवर लोक वळून बघायचे.

काय गाडी व्हती ती! इंजिन असं गुरगुरायचं, क्लच जड पन इमानदार, ऐंशीच्या पुढं गेली की रस्त्याला चिकटून बसायची, स्टेअरिंग बोटभर सुद्धा हलायचं नाय. खोड एकच, पोट लय खाली. स्पीडब्रेकर आला की सरळ नाय न्यायची, तिरकी न्यायची, एक एक चाक चढवत, बायका वहाना सांभाळत डबकं ओलांडतात तशी. आन् दुसरी खोड, तीच नडली, मागं एक बाक व्हता. नावाला बाक, दोन बोचकी ठेवायला, पन बाक तो बाक.

पहिल्याच दिवशी कमल नवं लुगडं नेसून निघाली आन् आई दारात. म्हातारी म्हनली, मागं हाय की जागा, मला इंदिरानगरला धाकट्याकडं सोडा. आता आईला नाय कोन म्हननार? पुढचं सीट पाडलं, आईला वाकवून, डोकं सांभाळून मागं घातलं. इंदिरानगरला पोचलो तर म्हातारी निघंना. पुढून मी ओढतोय, भाऊ पाय धरतोय, कमल म्हनतीये आई श्वास सोडा, आन् आई आतून शिव्या घालतीये, अरे मेल्या, ही गाडी हाय का उंदराचा पिंजरा! सगळी सोसायटी गॅलरीत. हसून हसून पोट दुखलं आमचं. पन त्यानंतर कधी भाची, कधी पोराचा मित्र, कधी कोनाचं गव्हाचं पोतं, बाक रिकामा म्हनून राहिला नाय.

म्हनून म्या ती विकली आन् दुसरी, पिवळ्या रंगाची घेतली. पिवळीत मागं बाकच नाय. आपल्याच देशात बनलेली, थोड्याच निघाल्या म्हनतात, फायबरची बॉडी, वरून रेक्झिनचं छप्पर, बटनं काढली की उघडी. सलीमभाईनं कपाळाला हात लावला. म्हनला, बबनभाऊ, वाघ देऊन मांजर आनलं. त्याचं बरोबर व्हतं, मी कुठं नाय म्हनतो? पिवळी दिसायला रेसची, चालायला रिक्षाची. इंजिन बारकं, चढाला धाप लागायची, ट्रक शेजारून गेला की गाडी हलायची, छपरातून वारा शिट्टी मारायचा. लालमधी बसलं की जमीन आपली वाटायची, पिवळीमधी बसलं की आपन जमिनीवर ठेवल्यासारखं वाटायचं. पन पिवळी हलकी, हातात खेळायची, वळनावर अशी वळायची की मला माझं तरुनपन आठवायचं. आन् जागा दोघांचीच. सलीमभाई अजून भांडतो माझ्याशी त्याच्यावर, चहा गार होतो पन भांडन संपत नाय.

तर मंग एका मंगळवारी आम्ही निघालो. गडावर. आई तोवर देवाघरी गेली व्हती, पोरं कामावर. कमलनं पोराचा काळा चष्मा घातला, पदर डोक्यावरून घट्ट बांधला, म्या छप्पर उघडलं. द्वारका ओलांडली, दिंडोरी रोडला लागलो, दोन्ही बाजूला द्राक्षांचे मळे, ऊन कोवळं. ती बोलत व्हती ताई, सिन्नर सोडल्यापासून बोलत व्हती, तिच्या लहानपनाच्या गोष्टी, तिला गाता यायचं हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांनी! म्या म्हनलं म्हन की मंग, तर लाजली, म्हनली दिंडोरी मागं पडू द्या, मंग म्हनते.

दिंडोरी मागं पडली. आन् एका फाट्यावर एक म्हातारी उभी, डोक्यावर पिशवी, तिनं हात केला.

माझा पाय गेला ब्रेकवर. गाडी कडंला घेतली, काच तर नव्हतीच, आन् माझ्या तोंडातून निघालं, वणी, वणी, गड! म्हातारी म्हनली, वणीला सोड रे बाबा, एसटी कधीची गेली. आन् मी म्हनलो, बसा मावशी, होईल जागा.

दोन सीटच्या गाडीत! होईल जागा!

कमलनं माझ्याकडं बघितलं आन् तिला हसू फुटलं, लय हसली, चष्मा काढून डोळे पुसले. मंग दार उघडून उतरली, म्हनली, बसा मावशी तुम्ही, मी मागून येते जीपनं. म्या म्हनलं अगं थांब, मी तसं नव्हतो म्हनत, पन म्हातारी तोवर बसून पिशवी मांडीवर घेऊन मोकळी झाली, मला आशीर्वाद देऊन राहिली, लेकरा तुझं भलं व्हावं. उन्हात उभ्या बाईला उतर कसं म्हननार ताई? कमल म्हनली जा हो, वणीला स्टँडवर थांबा, काय एवढं त्यात.

वणीला म्हातारीला सोडलं आन् स्टँडवर उभा राहिलो. जीप आली, मागून माणसं लटकलेली, आमच्यासारखीच भरलेली. कमल मागून उतरायला लागली, खाली कोनाची तरी भाजीची पाटी, तिच्यात पाय अडकला आन् पडली. गुडघा असा मुरगळला की ओरडली. तिथल्याच डॉक्टरनं पट्टी बांधली, म्हनला पाय अजिबात दुमडायचा नाय. आता त्या पिवळीत पाय सरळ ठेवून कसं बसायचं? तीच जीप परत नाशिकला निघाली व्हती. लोकांनी सरकून एक अख्खा बाक तिला दिला पाय लांब करायला. आन् मी मागून, पिवळीत एकटा. वणीपासून द्वारकेपर्यंत जीपच्या मागच्या काचेतून ती मला दिसत व्हती, मधून मधून हात हलवायची, बरी हाय म्हनून. शेजारचं सीट रिकामं. गाणं राहिलं, गड राहिला. मला रस्त्यात रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पाय बरा झाला, पन पहिल्यासारखा मुडपत नाय. पिवळीत बसायचं म्हनजे जमिनीवरच बसायचं. सलीमभाईनं सीट उंच करून दिलं, तर गुडघा पुढं डॅशबोर्डला लागतो, मागं सरकवावं तर मागं भिंत. सलीमभाई म्हनला, लालमधी सीट हातभर मागं जायचं, तिच्यात भाभी आरामात बसल्या असत्या. तेव्हापासून मी ती विकलेली लाल शोधतोय. सापडली बी. इंदिरानगरलाच एका सोसायटीच्या पार्किंगमधी, अंगावर कापड, चारी टायर बसलेले. मालकाला दोनदा भेटलो, चांगला मानूस हाय, म्हनला, काका, आमच्या वडिलांनी घेतलेली, त्यांची आठवन हाय, विकायची नाय. बरोबर हाय त्याचं. तरी त्या बाजूला गेलो की मी गेटातून डोकावतो, वॉचमन ओळखतो आता, म्हनतो, हाय बघा जागेवर.

रविवारी पिवळी बाहेर काढतो, बॅटरी उतरू नाय म्हनून. कमल ओट्यावर खुर्चीत बसून बघते. परवा म्या तिला विचारलंच, कमल, त्या दिवशी तू उतरली का गं, म्हातारी थांबली असती की दुसऱ्या गाडीला. ती मेथी निवडत व्हती, वर बी नाय बघितलं. म्हनली, मला वाटलं, तुम्ही म्हनाल जागा नाय.

मी तिच्या शेजारी बसलो, मेथीची एक काडी उचलली. म्हनलो, इथून पुढं त्या सीटवर कोनालाच नाय बसवनार. तर ती म्हनते कशी, बसवा हो, लोक उन्हात उभे असतात, रिकामी कशाला नेता.

देवानं सगळं दिलं ताई, पोरं चांगली निघाली, दोन वेळचं सुखाचं हाय, तक्रार कोनाकडं करायची नाय. पन मला अजून तिच्याबरोबर जायचंय. दोघंच. कुठं का होईना.